नारायणरावांचा खून : दोष कोणाच्या पदरी?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसूफ हे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, आपल्या माणसांसह वाड्यात घुसले. पेशवे जीव घेऊन चुलते रघुनाथराव यांच्याकडे धावले, त्यांना बिलगले. तुळाजी पवाराने त्यांना ओढून काढले. चाफाजी टिळेकराने धन्याच्या अंगावर आपला देह टाकला आणि दोघेही तलवारीखाली गेले. मारेकरी कोण हे पुण्याला लगेच कळले. कोडे आहे ते त्यांच्या बोलवित्या धन्याचे. त्याचे उत्तर आपण ‘ध चा मा’ या गोष्टीत शोधत आलो. रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिले, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, एवढे म्हटले की चौकशी संपते. ती संपू नये असे मला मनापासून वाटते, कारण या गोष्टीने एका स्त्रीवर पुराव्यावाचून कलंक लावला आणि खऱ्या जबाबदार माणसाला आडोसा दिला.

ही गोष्ट ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात आहे, म्हणजे खुनानंतर अर्धशतकाने लिहिलेली. त्यातही फरक पाहा. पकडण्याचा लेखी हुकूम दिल्याची कबुली रघुनाथरावांनी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांपुढे दिली, असे डफ सांगतो. आनंदीबाईंबद्दल मात्र त्याच्याजवळ केवळ लोकांची समजूत आहे. खाडाखोडीचा तो कागद आज कोणी पुढे ठेवू शकत नाही. बाई महत्त्वाकांक्षी होत्या, असे कोणी म्हणेल. असतील, पण महत्त्वाकांक्षा म्हणजे हस्ताक्षर नव्हे.

रघुनाथरावांना फक्त कैदच हवी होती, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण कैद कशी करतात हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १७६८ साली धोडपला, खानदेशच्या वेशीपाशी, नारायणरावांचे वडीलबंधू थोरले माधवराव पेशवे यांनी उघड लढाईत त्यांना हरवले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. जिवाला धक्का लावला नाही. उलट गादीवरच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात धरण्याचे काम चिडलेल्या भाडोत्री शिपायांवर सोपवणाऱ्याला रक्तपाताचा अंदाज नव्हता, हे मानणे कठीण आहे. त्या दिवशी वाडा गारद्यांच्या ताब्यात होता, रघुनाथराव तरी काय करणार, असेही विचारले जाते. त्या दिवसापुरते ते मान्य करू. पण पुढे पेशवाईची वस्त्रे त्यांनीच घेतली, फौज घेऊन पुण्याबाहेर पडले, मार्च १७७४ मध्ये कासेगावला त्यांच्याविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, बाजूच्या त्र्यंबकराव पेठ्यांना हरवले, तेथून उत्तरेकडे बऱ्हाणपूरची वाट धरली. इतक्या महिन्यांत पुतण्याच्या मारेकऱ्यांना त्यांनी शासन केले नाही. मारेकऱ्यांचा पिच्छा पुरवला तो बारभाईंनी. आणि त्या काळी ज्यांच्या शब्दाला न्यायासनाचे वजन होते, त्या रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना, आनंदीबाईंना नव्हे.