बाररूममधला चहा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण बांधाचा तंटा असो, वाटणीचा असो, नाहीतर मारामारीची फिर्याद असो, ती पायरी कधीतरी चढावी लागतेच. आणि तेथे नवख्या पक्षकाराला सर्वांत मोठा धक्का कशाने बसतो, ठाऊक आहे? उलटतपासात ज्याने आपल्याला घाम फोडला, तो विरुद्ध बाजूचा वकील मधल्या सुट्टीत आपल्याच वकिलाशेजारी बसून चहा पीत असतो! झालं. ‘आपला वकील फितला’ अशी कुजबुज परतीच्या एस.टी.त सुरू होते.

फितणारे वकील नसतातच, असे मी म्हणणार नाही. पण चहावरून ते ओळखता येत नाहीत. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडायला वकिलाला कायद्याने मनाई आहे, आणि बाररूममध्येही ती मनाई लागू असते. मग तेथे चालते तरी काय?

तेथे शाळा चालते. वकिलाची सनद 1961 च्या कायद्यान्वये राज्याची बार कौन्सिल देते. बार असोसिएशन मात्र त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी आपणहून उभारलेले मंडळ. सनदेपूर्वी वर्षभर उमेदवारी केलीच पाहिजे, असा नियम मध्यंतरी होता; 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. आज परीक्षा आहे, उमेदवारीची सक्ती नाही. तेव्हा हाताला वळण लावायचे काम ज्येष्ठांकडे आणि या खोलीकडेच येते.

आता पाहा, आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न सरतपासात सहसा विचारता येत नाही, उलटतपासात येतो. हे पुस्तकात दोन ओळींत मिळते. पण कोणता प्रश्न विचारू नये, हे कोण सांगणार? समजा, साक्षीदाराने कबूल केले, ‘होय, काळोख होता.’ उत्साही ज्युनिअर लगेच विचारतो, ‘मग आरोपीला ओळखलंत कसं?’ साक्षीदार म्हणतो, ‘आवाजावरून. माझा चुलतभाऊच की तो!’ संपले! संध्याकाळी कुणी ज्येष्ठ वकील, कदाचित विरुद्ध बाजूचेच, त्याला हसत सांगतात, ‘अरे, काळोखापाशीच थांबायचं होतंस.’ त्या एका वाक्याचा फायदा त्या ज्युनिअरच्या पुढच्या अशिलाला होतो. शिक्षकबंधूंना हे वेगळे सांगायला नको. मास्तरांच्या खोलीतही असेच शिकणे चालते.

1 जुलै 2024 पासून तर या शाळेची गरज फारच वाढली. दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि 1872 चा पुराव्याचा कायदा, तिन्हींच्या जागी नवे कायदे आले. फसवणुकीचे कलम 420 आता 318 झाले. आपण लोक मात्र लबाडाला ‘चारसोबीस’च म्हणत राहणार! वकिलाला तशी सवलत नाही. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिता, नंतरच्याला नवी; दोन्ही तोंडपाठ हवीत. तीस वर्षे वकिली केलेल्यालाही पुन्हा पाटी घेऊन बसावे लागले. जेथे मंडळाने अभ्यासवर्ग भरवले, ग्रंथालयात नवी पुस्तके आणली, तेथे हे ओझे वाटून गेले. जेथे असोसिएशन निवडणुकीपुरतीच जागी होते, तेथे ज्याचे त्याने पाहिले, आणि भुर्दंड अशिलाला पडला.

एकीचा उलटा उपयोगही होतो, तोही सांगितला पाहिजे. ‘अमक्या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असे ठराव काही ठिकाणी झाले. गुन्हा भयंकर असतो, गाव खवळलेले असते. पण वकीलच मिळाला नाही, तर तो आरोपी खरोखर गुन्हेगार आहे की नाही हे ठरणार कसे? असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावले. त्याआधी 2002 मध्येच वकिलांना संपाचा हक्क नाही असा निकाल झाला होता. तरी कामबंदीचे ठराव होतात आणि पदरमोड करून आलेला शेतकरी नुसती पुढची तारीख घेऊन परततो. हे मला तरी पटत नाही.

आणि ज्यांना वकिलाची फी झेपत नाही त्यांनी काय करावे? 1987 च्या कायद्याने तालुक्यालाही विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. इतरांपैकी बहुतेकांना ठरलेल्या उत्पन्नाच्या आत. समितीच्या यादीवरचे वकील बहुधा याच बाररूममध्ये बसलेले असतात. अर्ज कोठे द्यायचा, हे कोर्टाच्या कचेरीत विचारावे.