आवाजाचं वजन बारदान्यासकट करा

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला काटा शिकवावा लागत नाही. धान वेगळं, बारदाना वेगळा, हे धान खरेदी केंद्रावर उभ्या पोरालाही कळतं. मग वाय-फायवरून फोन करताना आपण बारदाना का धरत नाही?

आवाज नेटवरून सलग जात नाही. वीस मिलिसेकंदांचं बोलणं एका पॅकेटात, अशी सेकंदाला ५० पॅकेटं जातात आणि तेवढीच येतात. आवाज आकड्यांत बदलण्याच्या जी.७११ पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिटचा, म्हणजे पॅकेटमागे १६० बाइट. त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ यांचा ४० बाइटचा बारदाना. झाले ८० किलोबिट, तेही एका बाजूचे!

कुणी म्हणेल, काटकसरीची जी.७२९ घ्या, ८ किलोबिटमध्ये भागतं. नाही भागत. धान २० बाइट, बारदाना तोच ४०. वजन भरतं २४ किलोबिट. पुन्हा सांगतो, कारण इथेच हिशेब चुकतो: आठ धरले, लागले चोवीस.

देवरी, सालेकसाच्या जंगलपट्ट्यात ज्या घरांत टॉवरची रेंज पोचत नाही, तिथे वाय-फाय कॉलिंग मोठा आधार आहे. मोबाइलच्या व्होएलटीईमध्ये, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या कॉलमध्ये, हा बारदाना दाबून काही बाइटांवर आणतात. वाय-फायवर तशी सोय सहसा नसते. शिवाय वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचं. पोतं भरलेलं असो की अर्धं, फाटकाशी थांबणं तेवढंच, आणि पोच मिळाल्याशिवाय काम पुरं होत नाही. म्हणून राउटरच्या खोक्यावरचा वेगाचा आकडा किती फोन चालतील ते सांगत नाही. नुसते बिट मोजू नका, पॅकेटंही मोजा. उशिरा किती आली, हरवली किती, तेही बघा.

मोठी पोती भरली, म्हणजे चाळीस मिलिसेकंदांची, तर बारदाना निम्मा होतो. पण बोलणं उशिरा पोचतं, आणि एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

शाळेत, ग्रामपंचायतीत वाय-फायवरचे फोन बसवणाऱ्यांनो, एवढं कराच. जी.७११ वर दहा मिनिटं बोला आणि डेटाचा आकडा पाहा. जाणं-येणं धरून सुमारे १२ एमबी भरतील. दोन्ही बाजू मोजा, बारदान्यासकट मोजा, आणि मगच किती फोन जोडायचे ते ठरवा.