पाठुंगळीची पिशवी : एका घरगुती धंद्याची कथा

तान्हें मूल घरांत आलें म्हणजे गृहिणीचे दोन्ही हात त्याच्या स्वाधीन होतात. चुलीवर दूध उतूं जात असो कीं दारांत पाहुणा उभा असो, मुलाला खालीं ठेवावें तर तें रडतें, आणि कडेवर घ्यावें तर एकच हात मोकळा राहतो. ही अडचण सर्व देशांतील मातांची आहे आणि तिजवरील उपायहि ठिकठिकाणीं सुचलेले आहेत. आपल्याकडे शेतावर जाणारी बाई जुन्या लुगड्याची झोळी करून झाडाच्या फांदीला बांधते; पश्चिम आफ्रिकेंतील स्त्री कापडाच्या एका पट्ट्यानें मूल पाठुंगळीस आवळून घेते आणि खुशाल बाजारहाट करते. या दुसऱ्या युक्तींतून एक घरगुती धंदा कसा उभा राहिला, आणि असा धंदा करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

ॲन मूर या अमेरिकन परिचारिका. १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ‘पीस कोअर’ या सरकारी सेवासंस्थेमार्फत त्या टोगो देशांत गेल्या होत्या. तेथील मुलें आईच्या पाठीशीं बांधलेलीं असतां कशीं शांत राहतात, हें त्यांच्या नजरेंत भरलें. मायदेशीं परतल्यावर त्यांना कन्यारत्न झालें, तेव्हां त्यांनींहि तोच प्रयोग करून पाहिला. परंतु टोगोच्या मुलींच्या अंगीं लहानपणापासून मुरलेली हातोटी त्यांना कोठून येणार? मूल सारखें खालीं घसरूं लागलें. अखेर त्यांनीं ओहायो प्रांतांत राहणाऱ्या आपल्या मातोश्री ल्यूसी ऑकरमन यांना गळ घातली. मुलीनें कल्पना सांगावी आणि आईनें ती शिवून पाहावी, असें चालतां चालतां एक पिशवी तयार झाली. तिला बाळाचे पाय बाहेर काढण्यास जागा होती, खांद्यावरून घेण्याचे पट्टे होते, मानेला आधार होता, आणि मूल वाढेल तशा उसवतां येतील अशा चुण्या होत्या. ती पाठीवर घ्यावी किंवा छातीशीं धरावी. सोय दोन्ही प्रकारें होती.

येथवर धंद्याचा विचार कोणाच्याहि मनांत नव्हता. परंतु रस्त्यानें जातां-येतां लोक ही पिशवी पाहत आणि ती कोठें मिळते म्हणून विचारीत. मागणी आली कीं पत्र ओहायोंत जाई आणि आजीबाई पिशवी शिवून पाठवीत. एकटीच्या हातून काम उरकेना, तेव्हां त्यांनीं वेस्ट अलेक्झांड्रिया या आपल्या लहानशा गांवीं शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रियांना हाताशीं धरलें. ‘होल अर्थ कॅटलॉग’ या त्या काळीं गाजलेल्या सूचिग्रंथांत पिशवीचा उल्लेख आला आणि मागणी आणखी वाढली. १९६९ सालीं ॲनबाईंना पेटंट मिळालें. ‘स्नगली’ हें त्या पिशवीचें नांव पुढें अमेरिकेंत घरोघरीं माहीत झालें.

धंदा वाढला म्हणजे त्याच्यापुढें एक प्रश्न अटळपणें उभा राहतो. हातानें शिवलेली वस्तु टिकाऊ, पण महाग. यंत्रावर घाऊक केलेली वस्तु स्वस्त, पण तिच्यावर मूळ कर्त्याची नजर राहीलच असें नाहीं. मूर पतिपत्नींनीं १९८५ सालीं हा धंदा एका मोठ्या कंपनीस विकला. नव्या मालकांच्या हातीं पिशवीची मूळ रचना बदलत गेली. तें मूर यांना रुचलें नाहीं, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं ‘वीगो’ नांवाची दुसरी पिशवी बाजारांत आणली. पैसा हातीं आल्यावरहि आपल्या शिवणीची काळजी सुटत नाहीं, ही गोष्ट धंदा करूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

बाळाला अंगाशीं बाळगण्याच्या चालीला शास्त्राचा पाठिंबाहि मिळाला. १९८६ सालीं हंझिकर व बार या संशोधकांनीं ९९ माता व त्यांचीं तान्हीं मुलें यांच्यावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना रोज अधिक वेळ अंगावर घेतलें, तीं सहा आठवड्यांच्या वयाला इतर मुलांपेक्षां ४३ टक्के कमी रडलीं. पुढें २००० नंतर अनेक तरुण मातांनीं घरींच अशा पिशव्या शिवून विकावयास आरंभ केला.

परंतु या धंद्याची दुसरीहि बाजू आहे. तान्ह्याचें डोकें जड आणि मान दुबळी. पिशवींत मूल वेडेंवांकडें बसलें आणि त्याची हनुवटी छातीला टेकली, तर श्वासनलिका दबते. नाकावर कापड आलें तर हवा मिळत नाहीं. आणि एवढ्याशा जीवाला ओरडण्याचेंहि त्राण उरत नाहीं. १९९० ते २०१० या वीस वर्षांत झोळीसारख्या पिशव्यांच्या संबंधांत निदान १४ बालकें दगावल्याचें अमेरिकन सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें मार्च २०१० मध्यें जाहीर केलें. त्यांतील १२ चार महिन्यांहूनहि लहान होतीं. त्याच महिन्यांत एका कंपनीनें आपल्या दहा लक्ष झोळ्या बाजारांतून परत बोलावल्या.

तत्पूर्वींच, २००८ सालीं, अमेरिकेंत मुलांच्या वस्तूंसाठीं कडक कायदा झाला होता. माल त्रयस्थ प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा, आणि धोका आढळल्यास खरेदीदाराला कळवितां यावें म्हणून पिशवीसोबत नोंदणीचें कार्ड द्यावें, असे निर्बंध आले. पट्टेदार पिशव्यांचा नियम २०१४ सालीं झाला आणि झोळ्यांचा २०१७ सालीं. लहान कारखानदारांनीं तक्रार केली, आणि ती निराधार नव्हती. पन्नास पिशव्या शिवणाऱ्या बाईलाहि तपासणीचा खर्च चुकत नाहीं. पन्नास हजार करणाऱ्याला मात्र तो नगापाठीमागें जाणवतहि नाहीं. म्हणून त्यांनीं आपला संघ स्थापन केला, आणि नियम ठरविण्याच्या कामांत आपलाहि आवाज ऐकविला. नियम नकोतच म्हणण्यापेक्षां हा मार्ग शहाणपणाचा होय. ज्या आईचें मूल गेलें, तिला पिशवी मोठ्या कारखान्यांत झाली कीं कोणाच्या माजघरांत, यानें काय फरक पडतो?

असा धंदा घरीं करूं पाहणाऱ्या भगिनींनीं म्हणून हिशेब कापडापासूनच मांडावा. कापड, दोरा, पट्टे आणि बकल यांची किंमत झाली कीं शिवणाऱ्या हाताची मजुरी धरावी. पुष्कळ जणी नेमकी तीच विसरतात. त्यानंतर तपासणीचा खर्च आणि परत येणाऱ्या मालाची तूट धरावी. बकल दुसऱ्यानें केलेलें असलें तरी तें तुटल्यास दोष आपल्याकडेच येतो, म्हणून प्रत्येक खेपेचें बकल ताणून पाहावें. कोणत्या दिवशीं कोणत्या ताग्यांतून किती पिशव्या शिवल्या आणि त्या कोणाकडे गेल्या, याची वही ठेवावी. उरलेल्या तुकड्यांतून पट्ट्यावर बसविण्याचीं लाळ टिपणारीं फडकीं किंवा उन्हाच्या टोप्या होतात. त्यांवर भांडवल थोडें गुंततें आणि पडत्या दिवसांत त्याच धंद्याला हात देतात. पिशवीसोबत सूचनेचा कागदहि साध्या शब्दांत असावा : बाळाचें तोंड सदैव दिसावें, हनुवटी छातीपासून सुटी असावी, आणि मान किंचित वांकवितांच त्याच्या कपाळाचा मुका घेतां यावा इतकें तें वर असावें.

ल्यूसीबाईंनीं पहिली पिशवी स्वतःच्या नातीसाठीं शिवली होती. तिला कोणी तपासनीस नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. जें मूल त्या पिशवींत बसावयाचें, तें आजीच्या जिवाचा तुकडा होतें. गिऱ्हाइकाचें मूल डोळ्यांना दिसत नाहीं, एवढाच काय तो पुढच्या सर्व पिशव्यांत फरक. तें न दिसणारें मूल डोळ्यांपुढें ठेवून जिला टांका घालतां येईल, तिनें हा धंदा अवश्य करावा.