जोड



मोटारींच्या अजिंक्यपद शर्यतीत नाव गाजतं ते गाडी चालवणाऱ्याचं. आमच्या सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानात मोटार बक्षीस म्हणून उभी असते, आणि नाव गाजतं बैलांचं. 2023 साली खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत थार जिंकली ती बकासूर आणि महिब्यानं. नोव्हेंबर 2025 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावात फॉर्च्युनर मिळवली हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेकफेलनं. दोन्ही मैदानं भरवली होती पैलवान चंद्रहार पाटलांनी, दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या गड्यानं. तालमीतला माणूस बैलांकडे वळावा यात आम्हाला नवल वाटत नाही. मैदान, बिनजोड, हिंदकेसरी, या खेळाचे हे शब्द कुस्तीचेच आहेत. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत दोन्ही मैदानं होतात, कुस्त्यांचंही आणि बैलगाड्यांचंही.

रेस म्हणावी तर ती काही सेकंदांची. आधी गट, मग सेमी, मग फायनल. चिठ्ठी टाकून तास, म्हणजे पळायची पट्टी, ठरतो, झेंडा पडतो, आणि हलका छकडा धुरळ्यात दिसेनासा होतो. गटात पहिला आला तोच पुढे. म्हणजे फायनलच्या बैलाला एका दिवसात तीनदा पळावं लागतं, आणि दर वेळी तेवढ्याच जिद्दीनं.

पण खरी शर्यत त्याच्या आधी असते, ती जोड जमवण्याची. पुष्कळदा दोन बैल दोन गावांचे, दोन मालकांचे असतात. एक डाव्या खांद्याला पळणारा, दुसरा उजव्या. एक सुटताना तिखट, दुसरा निशाणापाशी जोर धरणारा. त्यांची चाल जुळली नाही तर लाखमोलाचे दोन बैल मिळूनही छकडा सरळ जात नाही. ही पारख ज्याला आहे, तो माणूस मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटतो.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. शेतात ट्रॅक्टर आला होता, नांगराचं काम आधीच गेलं होतं. आता खिल्लार खोंड पाळायचा कशासाठी, असा प्रश्न माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात घराघरात उभा राहिला. खरसुंडीच्या बाजारात ज्या जातीनं नाव कमावलं, तीच गोठ्यातून जाते की काय, ही भीती खोटी नव्हती. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला.

त्या अटी मला प्रिय आहेत. धाव हजार मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक नको, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी. क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. काठी लागते तिथे जोड जमलेली नसते, हे जुने गाडीवान जाणतात. शेपटी पिरगाळणाऱ्याला पंचांनी तिथल्या तिथे बाद करावं, मग तो कितीही मोठ्या मालकाचा गाडीवान असो.

दिवस कलताना लाउडस्पीकरवर निकाल येतो. गुलाल उडतो. बैलांच्या वशिंडावरून हात फिरतो, घाम पुसला जातो. मग जू उतरतं आणि फायनल मारलेले दोन बैल दोन टेम्पोंत चढतात. एक कराडच्या वाटेला लागतो, दुसरा आटपाडीच्या.