ग्रामसभा आणि घटनाकारांचा हेतू



लोकमत म्हणजे काय, हे गोमंतकीयांना वेगळे सांगावे लागत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाची आस बाळगणाऱ्यांची निराशा झाली, तरी निकाल मान्य झाला. परंतु मतपेटी एका दिवसाची असते. एरवी गावाचा आवाज कोठे उमटावा, हा प्रश्न त्याआधी घटना समितीपुढेही आला होता.

महात्मा गांधींना ग्रामस्वराज्य हवे होते. याउलट ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या संकुचित वृत्तीवर कठोर टीका केली आणि खेडे नव्हे, तर व्यक्ती हाच राज्याचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. तरीही त्याच महिन्याच्या २२ तारखेला के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. तेच आजचे ४० वे कलम होय. मात्र त्याला स्थान मिळाले ते मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात दाद मागण्याची सोय त्यात नव्हती.

हा वाद गोव्याने अनुभवलेला आहे. येथील गावकरी संस्थेत सामायिक जमीन, बांध आणि पाणी यांची निगा गाव एकत्र बसून राखी. गांधीजींना भावावे असे ते चित्र होते. परंतु तेथे बसण्याचा मान गावकर घराण्यांतील पुरुषांचा. स्त्रियांना, मुंडकारांना आणि कष्टकऱ्यांना तेथे स्थान नव्हते. आंबेडकरांचा आक्षेप नेमका हाच होता.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या दोन्ही विचारांची सांगड घातली. गावातील प्रत्येक मतदार, मग तो गावकर असो वा मुंडकार, ग्रामसभेचा सभासद झाला. स्त्रियांसाठी पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. मात्र ग्रामसभेचे अधिकार ठरविण्याचे काम २४३-अ कलमाने राज्य विधिमंडळावर सोपविले. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा. सभा मिळाली, पण तिच्या ठरावाला किती वजन द्यायचे, ते वरच ठरते.

याची झळ शिरगावाने सोसली आहे. देवी लईराईच्या जत्रेसाठी सर्वदूर ख्याती असलेल्या या गावाच्या उशाला खनिजाचे खोल खंदक पडले. विहिरी आटल्याची आणि शेते नापीक झाल्याची ग्रामस्थांची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. न्याय दिल्लीत मिळू शकतो. परंतु विहिरीचे पाणी कोणत्या वर्षी खाली गेले, हे गावालाच ठाऊक असते. ते वेळीच ऐकून घेणारी जागा म्हणजे ग्रामसभा.

म्हणून रिकामी ग्रामसभा ही केवळ आळसाची खूण नव्हे. तो हाती आलेला वारसा गमावणे आहे. आणि नुसती गर्दीही पुरेशी नाही. एक-चौदाचा उतारा, खाणीचा आराखडा आणि पंचायतीचे अंदाजपत्रक वाचून आलेला सभासद सभेचे रूप पालटतो. ग्रंथालयाने शंभर वर्षे वाचक घडविले. त्या वाचकाने ग्रामसभेत उठून प्रश्न विचारावा, आणि जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी तो मोठ्याने वाचून दाखवावा. घटनाकारांचा हेतू पुरा होण्याचा मार्ग तेथूनच जातो.