वारा केव्हा वाहील?



पवनऊर्जेची परिषद ठाणे पूर्वेला कशी, असे कोणाला वाटेल. पण येथून खाडी ओलांडली की ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. साताऱ्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे वारा पडला, की विजेची तूट भरून काढण्याची धावपळ तिथे सुरू होते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज येईल, याचा अंदाज आगाऊ द्यावा लागतो. १९९४ मध्ये देवगडच्या जामसंड्याला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा वारा पुरेसा कुठे आहे हे शोधायचे होते. आज तो केव्हा वाहील हे सांगायचे आहे, आणि ते काम हवामानशास्त्राचे आहे.

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेगाच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक झाली, तर चक्की पूर्ण क्षमतेला पोहोचण्याआधीच्या टप्प्यात विजेचा हिशेब ३० टक्क्यांच्या आसपास चुकू शकतो. पावसाळ्यात सोमालियाकडून अरबी समुद्रावरून येणारा जोरदार प्रवाह साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगवान असतो, आणि हजार मीटरहून उंच असलेली साताऱ्याची पठारे त्याच्या वाटेतच आहेत. मात्र मान्सूनमध्ये खंड पडला की हा प्रवाह दक्षिणेकडे सरकतो आणि पाती मंदावतात. खंडाची चाहूल चार दिवस आधी लागली, तर शेजारच्या कोयनेचे पाणी त्या दिवसांसाठी राखता येईल. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्यावर पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली असल्याने ते केव्हा वापरले, याला फार मोल आहे.

सौरऊर्जा आणि बॅटऱ्या आल्यावर या लहरी वाऱ्याची गरज काय, असे विचारले जाते. जुलैत आभाळ भरलेले असते तेव्हाच वारा जोरात असतो, आणि आजच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, आठवडाभर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते, मग पठारावर मोजलेल्या वाऱ्याच्या नोंदी कशाला हव्यात? कारण सह्याद्रीचा कडा तेवढ्या अंतरात शेकडो मीटर खाली उतरतो. चौकटीच्या सरासरीत तो कडा बोथट होतो. ती चूक जागेवरच्या वाऱ्याच्या मोजमापानेच दुरुस्त होते. ही मोजमापे कंपन्यांकडे आहेत, पण त्या ती व्यावसायिक गुपित मानतात. जागा निवडेपर्यंत हे मान्य. मनोरे उभे राहिल्यावर त्यात गुपित उरत नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे: प्रत्येक पवनप्रकल्पाने वाऱ्याचा वेग आणि दिशा यांच्या नोंदी हवामान विभागाला नियमित द्याव्यात, असा ठराव या परिषदेने करावा.