कलेतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण : येथे की परदेशी?

पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेला नाशिकचा विद्यार्थी कलेतिहासात एम. ए. करू इच्छितो, तेव्हा बडोद्याला जावे की लंडनला, असा प्रश्न तो शिक्षकांपुढे ठेवतो. उत्तर देताना बहुधा खर्च आणि प्रतिष्ठा यांचाच विचार होतो. तो अनाठायी नाही. पण त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. विद्यार्थ्याला कोणत्या कलाकृतींचा अभ्यास करावयाचा आहे आणि त्यांची भाषा त्याला येते काय?

शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांचेच उदाहरण घ्यावे. दहाव्या लेण्यातील स्तंभ व नक्षी कोणालाही दिसते. परंतु तेथील उषवदाताचा लेख वाचता आला, म्हणजे लेण्यामागचा समाज उभा राहतो. त्याने 3,000 कार्षापणांची अक्षयनिधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रे मिळावयाची होती. हा व्यवहार निगमसभेत जाहीर होऊन दप्तरात नोंदला गेला. (पंचायत सदस्यांना ही पद्धत परकी वाटू नये!) हे समजण्यास ब्राह्मी लिपी व प्राकृत भाषा हवी, आणि ती सावकाशीनेच शिकावी लागते.

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा शिक्षणक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुंबईत फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर एम. ए.चा प्रबंध लिहिला. त्यानंतर ते लंडनला गेले, मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष कामाचे धडे घेतले आणि 1936 मध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. मिळविली. 1939 पासून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. 1950-51 मध्ये त्यांनी व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे संस्कृती हे नाव त्यातूनच रूढ झाले. त्यांचा विषय पुरातत्त्व होता, हे खरे. तरीही पाया घरी व पद्धतीचे शिक्षण बाहेर, हा क्रम कलेतिहासालाही लागू पडतो.

आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कला व सौंदर्यशास्त्राचे केंद्र, तसेच पुरातत्त्वाकडे झुकलेल्यांसाठी डेक्कन कॉलेज, अशा चांगल्या सोयी आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने लिपी, भाषा व क्षेत्रभेटी यांना अवसर मिळतो. लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमधील किंवा सोआसमधील एम. ए. एका वर्षात संपते. प्राकृत येत नसलेला विद्यार्थी तेथून ती शिकून येईल, ही अपेक्षा फोल होय. मात्र युरोपीय चित्रकला हाच ज्याचा विषय आहे, त्याने परदेशी जाण्यास कचरू नये. मूळ चित्रे तेथेच आहेत. अमरावतीची शिल्पे अभ्यासणाऱ्यालाही ब्रिटिश म्युझियम टाळता येणार नाही.

पैशाचा प्रश्न उरतो आणि तो लहान नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 2022-23 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हे विषय वगळले. म्हणजे पांडवलेण्यांवर परदेशात अभ्यास करू पाहणाऱ्या गरीब मुलासाठी ती वाट बंद झाली. अशा मुलाला भारतातच शिकता येईल, हे उत्तर अपुरे आहे, कारण संपन्न घरातील मुलाला दोन्ही वाटा मोकळ्याच राहतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली शिक्षकांनी विद्यार्थ्याबरोबर बसून वाचावी.

पदवीच्या समकक्षतेचाही विचार प्रवेशापूर्वीच करावा. ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम. ए.ला मान्यता देण्याविषयी उभय देशांत जुलै 2022 मध्ये करार झाला; विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे विनियम काढले. उत्पन्न व जातीचे दाखले ऐन वेळी मिळत नाहीत. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अशा विद्यार्थ्याची कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच पुरी करून द्यावीत.